ऊस बिलातले त्रैराशिक



ऊस बिलाची पट्टी हाती पडली की गट ऑफिसात ठरलेली तक्रार येते, "शेजाऱ्याचा ऊस माझ्या दुप्पट, मग पैसे तिप्पट कसे?" नोकरीनिमित्त पनवेल-कळंबोलीकडे राहणाऱ्या सभासदांना तर विचारायलाही जवळ कोणी नसते. म्हणून हा हिशेब घरी बसून कसा ताडून बघायचा ते या लेखात पाहू. गणित शाळेतलेच आहे. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या 'लीलावती'त ते त्रैराशिक म्हणून शिकवले. हल्लीच्या पुस्तकांत त्याचेच समीकरण मांडतात.

रक्कम = दर × वजन.

वजन दुप्पट झाले की रक्कम दुप्पट, वजन शून्य तर रक्कम शून्य. याला समप्रमाण म्हणतात, आणि जो आकडा बदलत नाही, म्हणजे इथे दर, तो स्थिरांक. कोणताही व्यवहार समप्रमाणात आहे का हे बघायचे असेल तर भागाकार करा. रक्कम भागिले वजन दरवेळी तेवढेच आले पाहिजे.

आता हा दर कुठून येतो? २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. हे ३.४६ कोणी मनाने घातलेले नाहीत. ३५५ ला १०.२५ ने भागा, ३४.६३ येतात. एक टक्क्याला ३४.६३, तर ०.१ टक्क्याला ३.४६. म्हणजे

दर = ३४.६३ × उतारा.

११.५ टक्के उतारा धरला तर क्विंटलला ३९८ रुपये २५ पैसे. ३५५ मध्ये साडेबारा वेळा ३.४६ मिळवून बघा, उत्तर तेच. मात्र हे समीकरण खाली ९.५ टक्क्यांपर्यंतच चालते. त्याखाली उतारा कितीही घसरला तरी त्या हंगामाला ३२९ रुपये ५ पैसे हा दर कायम ठेवला होता. ९ टक्क्यांना नुसत्या प्रमाणाने ३११ रुपये ७१ पैसेच आले असते.

४० टन म्हणजे ४०० क्विंटल ऊस घालणाऱ्याला ०.१ टक्का उताऱ्याचे १,३८४ रुपये होतात. पाचट आणि बांडी मोळीत घालून वजन वाढवणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा. उतारा साऱ्या कारखान्याचा मिळून निघतो, त्यामुळे एकाच्या बांडीचा फटका सगळ्यांना बसतो.

आता मूळ तक्रार. टनाला ३,९८२ रुपये ५० पैसे धरा. तोडणी-वाहतूक उदाहरणापुरती टनाला ९०० धरली तर ३,०८२.५० राहतात. ही कपात टनावर आहे, म्हणून प्रमाण मोडत नाही. ४० टनांचे १,२३,३०० आणि ८० टनांचे २,४६,६००, बरोबर दुप्पट. पण दोघांच्याही नावावर सोसायटीचे ६०,००० वसुलीला आले असतील तर?

हातात = ३,०८२.५० × वजन − ६०,०००

एकाला ६३,३०० मिळतात, दुसऱ्याला १,८६,६००. जवळजवळ तिप्पट! यात कोणी कोणाचे खाल्लेले नाही. वसुलीची रक्कम वजनाशी बांधलेली नसते, तिथे त्रैराशिक लागू पडत नाही. पट्टी बघताना कपातीचे दोन ढीग करा, टनावरच्या वेगळ्या आणि ठोक वेगळ्या. टनावरची कपात भागिले टन, हा आकडा शेजाऱ्याशी जुळत नसेल तर मात्र खुशाल विचारायला या.

एस.टी.चेही असेच आहे. पनवेल आगारातून गाडीत बसलात तर भाडे अंतराप्रमाणे वाढते खरे, पण आकारणी सहा किलोमीटरच्या टप्प्याने होते. ७ किलोमीटरला आणि ११ किलोमीटरला टप्पे दोनच.

खताचा हिशेब मात्र शुद्ध समप्रमाण आहे, आणि नेमका तिथेच घोळ होतो. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, म्हणजे एकरी १०० किलो. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणून

युरिया = नत्र × १०० ÷ ४६.

एकरी २१७ किलो. युरियाची गोणी २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोची झाली, तरी पुष्कळ जण अजून जुन्याच हिशेबाने सव्वाचार-साडेचार गोण्या टाकतात. २१७ भागिले ४५ म्हणजे ४.८ गोण्या लागतात. जुन्या हिशेबाच्या ४.३४ गोण्यांत १९५ किलोच युरिया बसतो, आणि एकरी १० किलो नत्र कमी पडते. डीएपी घातले असेल तर त्यातले १८ टक्के नत्र आधी वजा करा.

ज्यांचे क्षेत्र एकरात बसत नाही त्यांनी गुंठ्याचा स्थिरांक धरावा, २१७ भागिले ४०, सुमारे ५.४ किलो. २७ गुंठ्यांना १४६ किलो युरिया. तो लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १०, आणि उरलेले ४० टक्के, म्हणजे ५८ किलो, मोठ्या बांधणीला.