पहिला रविवार ७ नंबरच्या गाडीत

बुलढाणा जिल्ह्यातून न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे नव्याने येणाऱ्यांसाठी, इथे बरीच वर्षं राहिलेल्या आपल्याच घरांनी सांगितलेल्या गोष्टी

शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून आलेला मुलगा असो की लग्न होऊन चिखली-मेहकरहून आलेली सून, पहिले दोन महिने सगळ्यांचे सारखेच जातात. सोशल सिक्युरिटी नंबर, बँकेचं खातं, भाड्याचं घर आणि शनिवारी एडिसनच्या ओक ट्री रोडवर ज्वारीचं पीठ नि तूरडाळ. ते सगळं करावंच लागतं. पण या मजकुरासाठी ज्या घरांशी बोललो, तिथे एक खंत पुन्हा पुन्हा ऐकू आली. ऑफिस, अपार्टमेंट आणि इंडियन स्टोअर या तीन ठिकाणांतच वर्षं निघून गेली. शहर पाहायचं राहूनच गेलं. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि टाइम्स स्क्वेअर सगळ्यांनी पाहिला होता. शेजारच्या मोहल्ल्यात कोण राहतं, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

म्हणून आमचा पहिला सल्ला: एखादा रविवार वस्त्या पायी हिंडण्यासाठी ठेवा, आणि त्या वस्तीवर जीव असणारा माणूस सोबत घ्या.

असा माणूस इथे फुकट मिळतो, यावर आपल्याकडच्या कुणाचा पटकन विश्वास बसत नाही. १९९२ साली लिन ब्रूक्स या न्यूयॉर्ककर बाईंनी बिग ॲपल ग्रीटर ही संस्था काढली. त्या काळात बाहेरच्या लोकांना न्यूयॉर्क म्हटलं की धडकी भरायची. पाहुण्याला आपल्यातलाच कुणी रहिवासी हात धरून फिरवील तर ती भीती जाईल, एवढा साधा विचार त्यामागे होता. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, दुकानदार असे लोक आपला मोकळा वेळ देतात आणि दोन-चार तास आपली वस्ती दाखवतात. सगळं फिरणं पायी आणि सबवेने. गट सहा जणांपर्यंतचा, म्हणजे अनोळखी पन्नास माणसांच्या घोळक्यात बसने जायचं नाही. टिप ते घेत नाहीत. शेगावच्या मंदिरात रांगेतल्या माणसाला ‘माउली’ म्हणत वाट दाखवणारा सेवेकरी आठवा. पैसे पुढे केले तर तो हात जोडतो. इथला ग्रीटर त्याच जातकुळीचा समजा. द्यायचंच असेल तर संस्थेला देणगी द्या. शिकागो, पॅरिस अशा शहरांतही याच धर्तीचे स्वयंसेवक आहेत.

ही सोय मुळात बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी आहे. त्यामुळे तुम्ही नुकतेच आला असाल तेव्हा किंवा आई-बाबा गावाहून येतील तेव्हा तिचा लाभ घ्यावा. तारीख ठरली की काही आठवडे आधीच अर्ज करा आणि काय पाहायचं ते मोकळेपणाने लिहा: देवळं, बाजार, जुनी घरं, खाणं. आई-बाबांना जिने चढवत नसतील तर तेही लिहा, कारण सबवेच्या सगळ्याच स्थानकांवर लिफ्ट नाही. मराठी बोलणारा ग्रीटर मिळेल ही आशा मात्र धरू नका. दुभाषा तुम्हीच व्हायचं, आणि आमच्या मते तो त्या दिवसातला सगळ्यात मोठा आनंद असतो.

वस्ती कोणती मागावी? बहुतेक घरांनी शहरातल्या क्वीन्स या भागाचं नाव घेतलं. ७ नंबरची गाडी रूझवेल्ट ॲव्हेन्यूच्या डोक्यावरून, लोखंडी खांबांवरून धावते. वुडसाइडला फिलिपिनो बेकऱ्या, ८२व्या रस्त्याला कोलंबियन हॉटेलं, पुढे कोरोना नावाच्या वस्तीत मेक्सिको आणि इक्वेडोर, शेवटी फ्लशिंगला चिनी बाजार. जॅक्सन हाइट्सच्या ७४व्या रस्त्यावर साड्या आणि सोन्याची दुकानं दिसली की हायसं वाटतं, पण तिथेच थांबू नका. पलीकडच्या गल्लीत नेपाळी आणि तिबेटी मोमो, त्यालाच लागून बांगलादेशी मिठाईवाले. ही सगळी माणसं एका जागी का, हे ग्रीटरला विचारा. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि आशियातल्या माणसांना दार उघडलं. आपलीही पहिली मोठी लाट त्यानंतरचीच.

फ्लशिंगला बाऊन स्ट्रीट चुकवू नका. १९७७ साली प्रतिष्ठा झालेलं गणपतीचं देऊळ याच रस्त्यावर आहे, आणि त्याच्या तळघरातल्या कँटीनमधला डोसा शाकाहारी पाहुण्याचा मोठा आधार. पण ज्याच्या नावाने हा रस्ता आहे, त्या जॉन बाऊनचं १६६१ च्या सुमाराचं घरही याच रस्त्यावर थोडं पुढे उभं आहे. तेव्हा इथे डचांचं राज्य होतं आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना थारा देण्यावर बंदी होती. डिसेंबर १६५७ मध्ये फ्लशिंगच्या सुमारे तीस रहिवाशांनी त्या बंदीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला. ते स्वतः क्वेकर नव्हते. पुढे बाऊनने आपल्या घरात क्वेकरांची सभा भरू दिली, म्हणून १६६२ मध्ये त्याला पकडून हद्दपार केलं. हॉलंडला जाऊन त्याने दाद मागितली आणि तो परत आला. मेहकरकडच्या एका घरातल्या वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ त्या लाकडी घराकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे सैलानीसारखंच. सैलानी बाबाच्या यात्रेत नारळाची होळी पेटते तवा कोन कोन्या धर्माचा, कोनी इचारत नाई.”

एक सांभाळायचं. आपल्याकडे ओळख झाली की पहिला प्रश्न “कोन्या गावचे?” हाच. त्यात माया असते. इथे मात्र जन्मापासून क्वीन्समध्ये वाढलेल्या माणसाला तोच प्रश्न ‘तू इथला नाहीस’ असा ऐकू येऊ शकतो. त्याऐवजी “या वस्तीत किती वर्षं?” असं विचारा, गावाची गोष्ट मग तो स्वतःच सांगतो.

खाण्याबाबत ‘व्हेज’ एवढं म्हणून भागत नाही. मांस, मासे, अंडं नको, हे एकेक सांगा. मेक्सिकन राजम्यात डुकराची चरबी असू शकते, चिनी भाजीत ऑयस्टर सॉस. दुकानदाराचा फोटो काढण्याआधी विचारा. थोडी रोकड जवळ असू द्या. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरात या. जानेवारीच्या वाऱ्यात आई-बाबांना रूझवेल्ट ॲव्हेन्यूवर चालवू नका.

एकदा ग्रीटरबरोबर फिरलात की पुढच्या रविवारी त्याच्याशिवाय त्याच स्थानकावर उतरा. मेहकरकडच्या त्या वडिलांनी तेच केलं, आणि नांदुऱ्याहून नुकत्याच आलेल्या शेजाऱ्यालाही बरोबर नेलं. इंग्रजी दोघांचंही बेताचं. ७४व्या रस्त्याच्या स्थानकात कोणता जिना कुठे उतरतो, मोमोवाल्याची गल्ली कोणती, कोणत्या बेकरीत अंड्याशिवायचं काही मिळतं, हे तेच त्याला दाखवत होते.