बिबट्याचे चित्र किती दिवस टिकते?

जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर नित्याचा आहे. समजा, एका वस्तीवर चार कॅमेरे बसविले. त्यांचे चित्रण किती दिवस टिकेल?

एका चित्रात १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगाला ३ बाइट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट होतात! परंतु रात्रभर अंगण जवळजवळ तसेच असते. म्हणून कॅमेऱ्यातील संगणक मुख्यतः बदललेला भागच पाठवितो. मग सेकंदाला सुमारे ५ लाख बाइट पुरतात. या माहितीचे लहान गठ्ठे, प्रत्येकावर पत्ता घालून, तारांच्या जाळ्यातून रेकॉर्डरकडे जातात. तो ते वेळेच्या नोंदीसह चकतीवर साठवितो.

आता गणित पाहा. एका कॅमेऱ्याचे दिवसाला सुमारे ४३ अब्ज बाइट, चारांचे १७३ अब्ज. एक टेराबाइटची, म्हणजे १,००० अब्ज बाइटची चकती सहा दिवसांच्या आतच भरते. त्यानंतर सर्वांत जुने चित्रण पुसून त्या जागी नवे लिहिले जाते. बिबट्या दिसल्याची खात्री करायला आठवड्याने गेलात, तर पुरावा गेलेला असेल! म्हणून प्रत त्याच दिवशी काढून ठेवावी.

आठ कॅमेऱ्यांचे चित्रण ३० दिवस ठेवण्यास केवढी चकती लागेल? करून पाहा.