चवळीचं बी : गटाच्या बचतीत याचंही खातं हवं



पुढच्या बैठकीत एकमेकींना एक प्रश्न विचारा. आपल्या गावात जुनी चवळी कोणाकडं आहे? कुणाकडं वेलाची तांबडी असेल, कुणाकडं बुटकी पांढरी. पुष्कळदा एखादं वाण एकाच घरात, एखाद्या आजीच्या गाडग्यात उरलेलं असतं. तिनं दोन-चार वर्षं पेरलं नाही, की त्या बियांची उगवण जाते. मग ते वाण दुकानात पैसे देऊनही मिळत नाही.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपण चवळीपासून सुरुवात करू. चवळीचं फूल बहुतेक करून स्वतःच्याच परागानं फळतं, म्हणून घरचं बी राखलं तरी वाण तसंच येतं. फक्त दोन वाणांमध्ये 10 मीटर अंतर ठेवा.

बी कसं धरायचं?

1. निवड उभ्या पिकात करा. निरोगी, भरपूर शेंगांच्या वेलाला चिंधी बांधा. त्याच्या शेंगा भाजीला तोडू नका. पानं आकसलेला, पिवळे चट्टे पडलेला वेल बियाला नको. काही रोग बियातून पुढं जातात.

2. शेंग वेलावर वाळली की लगेच तोडा. भुंगा शेतातच शेंगेवर अंडी घालतो आणि मग आपल्या घरात येतो.

3. दाणे चांगले वाळवा. दाताखाली कट्कन तुटला तर दाणा वाळला. दबला तर अजून ऊन द्या.

4. भोक पडलेले, पांढरे ठिपके असलेले दाणे काढून टाका. हे ठिपके म्हणजे भुंग्याची अंडी. बी गार झाल्यावर चाळलेली कोरडी राख मिसळा. दाण्यांमधल्या फटी राखेनं भरल्या पाहिजेत. मग डब्याचं झाकण घट्ट लावा.

5. डब्यात चिठ्ठी टाका : वाणाचं नाव, कोणाकडून आलं, कोणत्या साली काढलं.

6. पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा. आठवड्यात 75 किंवा जास्त उगवले तर बी चांगलं.

बँक कशी चालवायची?

कर्जासारखंच रजिस्टर ठेवा. एक वाटी नेली, तर सुगीनंतर निवडलेल्या बियाच्या दोन वाट्या परत. पण सगळं बी वाटून टाकू नका. पावसानं दगा दिला तर पुन्हा पेरण्यापुरतं डब्यात राहू द्या. प्रत्येक वाण निदान दोघींच्या घरी हवं आणि दरवर्षी कुणीतरी पेरलंच पाहिजे. पैशाचं कर्ज थकलं तर पुढं वसूल होतं. बी एकदा संपलं की वसुली कोणाकडून करणार?

आणि कुणी म्हणालं, "बायकांनो, हे चालतं का?" तर सांगा, 2001 च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा हक्क दिला आहे.

या महिन्याचं काम : ज्या घरी जुनी चवळी आहे तिथं दोघींनी जा. एक वाटी बी मागा आणि आजीकडून वाणाचं नाव, पेरायची वेळ, चव हे सगळं विचारून लिहून आणा. रजिस्टरातली पहिली नोंद त्या आजीच्या नावानं करा.