वीर, वीरगळ आणि नाव : रणात पडलेल्यांच्या स्मरणाचा एक भाषिक विचार

कान आणि पांझरा ह्या नद्यांच्या खोऱ्यातील साक्री तालुका, त्याच्या दक्षिणेचे बागलाण आणि पुढे नाशिकपर्यंतचा मुलूख ह्या पट्ट्यात अनेक घरांच्या देव्हाऱ्यात कुलदैवतांच्या टाकांशेजारी आणखी एक टाक असतो. चांदीच्या पातळ पत्र्यावर बहुधा एक शस्त्रधारी पुरुष उठविलेला असतो, पुष्कळदा घोड्यावर बसलेला. हा कोण, असे विचारले तर ‘आमचा वीर’ एवढे उत्तर मिळते. त्याचे नाव काय, तो कोठल्या लढाईत पडला, असे पुढचे प्रश्न केले की घरातील वडीलधारी माणसे घोटाळतात. मात्र धुळवडीच्या दिवशी हा टाक बाहेर काढावयाचा, वाजतगाजत नदीवर किंवा विहिरीवर नेऊन त्यास स्नान घालावयाचे, घरातील एखाद्या मुलाला वीराचा वेश देऊन मिरवावयाचे, हे सारे न चुकता केले जाते. ‘वीर नाचविणे’ ह्या नावाने ही प्रथा परिचित आहे. ज्याचे नाव स्मरणात नाही त्याचे स्मरण इतक्या काटेकोरपणे कसे होते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रारंभीच एक मर्यादा सांगितली पाहिजे. देव्हाऱ्यातील प्रत्येक वीर रणात पडलेला असतोच असे नाही. अकाली गेलेला, अविवाहित गेलेला, अपघाती मृत्यू आलेला पुरुषही वीर होतो. नाशिकच्या दाजीबा वीराची आख्यायिकाही अंगाला हळद लागलेल्या नवरदेवाच्या मृत्यूची आहे. म्हणजे ‘वीर’ ह्या शब्दात पराक्रमाइतकाच अपुरेपणाचा अर्थ आहे. खानदेशात पितरांचा दिवस वेगळा आहे. आखाजीला घागर भरली जाते, आगारी टाकली जाते. ती आयुष्य पुरे करून गेलेल्यांसाठी. वीराला मात्र होळीचा काळ दिलेला आहे, वाद्य दिले आहे, मिरवणूक दिली आहे. एका परीने त्याला न मिळालेली वरात दिली आहे. त्यात आदर आहे तशी धास्तीही आहे, कारण दुर्लक्ष झाल्यास वीर अडवितो ही समजूत पक्की आहे. शौर्यपूजा एवढाच शब्द वापरून हा विधी समजावून देणारे विवेचन म्हणूनच अपुरे पडते.

टाकाची घडणही विचारात घेण्यासारखी आहे. सोनार पत्रा ठशावर दाबून ही आकृती उठवितो. एका ठशातून अनेक घरांचे वीर निघतात. त्या घोडेस्वाराचा चेहरा कोणाचाच नसतो, आणि म्हणूनच तो कोणाचाही होऊ शकतो. ह्याच गोष्टीचे मोठे, दगडी रूप म्हणजे वीरगळ.

‘वीरगळ’ हा शब्द कन्नड ‘वीरगल्लु’वरून आला, ‘कल्लु’ म्हणजे दगड. रूढ वीरगळात तीन-चार पट्ट असतात. खालच्या पट्टात लढाई, गोहरण असल्यास गाई, आणि पडलेला वीर. त्यावर अप्सरांसह त्याचे ऊर्ध्वगमन. सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच पुरुष. माथ्यावर कलश आणि पुष्कळदा चंद्रसूर्य. वाचन खालून वर करावयाचे. एक संपूर्ण कथा, परंतु तिच्यात विशेषनाम नाही. कर्नाटकातील अनेक वीरगळांवर वीराचे नाव, त्याचा स्वामी, प्रसंग आणि तिथी कोरलेली आढळते. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळ निरक्षर आहेत. बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळांवर नौकांची लढाई कोरलेली आहे. ती शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या संघर्षातील असावी, असे सामान्यतः मानले जाते. पण तो अनुमानाचा निष्कर्ष आहे, दगड स्वतः तसे सांगत नाही. डी. डी. कोसंबी यांनी ह्या दगडांकडे गोपालक समाजांच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहिले. पुढे शे. सेट्टर आणि गुंथर सोंथायमर यांनी १९८२ साली संपादित केलेल्या स्मारकशिलांवरील ग्रंथाने ह्या अभ्यासाला भक्कम पाया मिळाला.

नावाचा अभाव लिपीच्या अभावामुळे आहे, हे स्पष्टीकरण सोयीचे असले तरी खानदेशापुरते ते टिकत नाही. चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, त्यास निकुंभ राजांनी दिलेल्या दानाचा तो लेख असून त्याचा काही भाग मराठीत आहे. मठाला कोणत्या मालावर काय द्यावयाचे, हे तेथे मराठीत कोरले गेले. म्हणजे यादवकाळात ह्या प्रदेशात दगडावर मराठी कोरणारे हात होते. ते हात देणग्यांसाठी वापरले गेले, रणात पडलेल्या सामान्य माणसासाठी नाही. अक्षर दरबाराकडे होते, चित्र गावाकडे. दान मोडले जाऊ नये म्हणून ते शब्दांत बांधावे लागते. गावासाठी पडलेला माणूस गावाला ठाऊकच असतो, त्याची लेखी नोंद कशाला, अशीही धारणा त्यामागे असू शकेल. पश्चिमेकडील भिल्ल आणि कोकणा वस्त्यांत मृतांसाठी उभारल्या जाणाऱ्या खांबांचाही ह्या संदर्भात स्वतंत्र विचार व्हावयास हवा.

मराठी गद्याकडे वळले की चित्र पालटते. रणातील मृत्यूसाठी मराठीने किती शब्द घडविले आहेत, हे एकत्र मांडून पाहण्यासारखे आहे. ‘धारातीर्थी पडणे’ ह्या प्रयोगात शस्त्राची धार हेच तीर्थ होते. वीरगळाच्या वरच्या पट्टाचा आशय त्यात दोन शब्दांत आला आहे. बखरी आणि पत्रे मात्र बहुधा ‘कामास आले’ म्हणतात. ह्यात स्वर्ग नाही, अप्सरा नाहीत. चाकरी आणि तिची पूर्तता आहे. ‘खर्ची पडले’ तर सरळ हिशेबाच्या वहीतील प्रयोग. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतानंतर दक्षिणेकडे आलेल्या बातमीच्या प्रसिद्ध पत्रात मृतांची गणना मोत्ये, मोहरा आणि खुर्दा अशा नाण्यांच्या भाषेत केली होती, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्यात थोर सरदार मोती आणि मोहरा ठरले. सामान्य शिपाई खुर्द्यात गेला, आणि खुर्द्याची गणती नाही. सांकेतिक भाषेनेही दर्जा राखलाच. विसाव्या शतकात ‘हुतात्मा’ आणि ‘शहीद’ हे शब्द रूढ झाले. पहिल्यात यज्ञाची प्रतिमा आहे, दुसऱ्याच्या अरबी मुळात साक्षीची. आज शासकीय आणि वृत्तपत्रीय मराठीत ‘वीरमरण आले’ हा प्रयोग स्थिर झाला आहे. तो प्रत्येक वेळी त्याच स्वरूपात येतो, आणि ठशातून काढलेल्या टाकाची आठवण करून देतो.

‘कामास आले’ हा प्रयोग कोरडा वाटेल. परंतु माझ्या मते मराठीतील स्मरणाचा सर्वांत जबाबदार भाव त्यातच आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजी येथे राजारामाच्या काळात लिहिलेल्या बखरीत १६५९ च्या अफजलखानप्रसंगानंतरची व्यवस्था दिली आहे. पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत चालविले, पुत्र नसलेल्यांच्या बायकांना निमे वेतन लावून दिले, जखमींना द्रव्य दिले, असा त्या वर्णनाचा आशय आहे. पुढे मराठेशाहीच्या दप्तरांत पडलेल्यांच्या लहान मुलांच्या निर्वाहासाठी ‘बालपरवेशी’ ही संज्ञाच आढळते. येथे स्मरण म्हणजे अन्न. स्मारक दगडाचे नाही, वार्षिक नेमणुकीचे आहे. आणि ती द्यावयाची म्हणजे नाव लिहावेच लागते. सामान्य शिपायाचे नाव मराठीत टिकले ते बरेचसे ह्या वाटेने, कवींच्या कृपेने नव्हे. पोवाड्याने तानाजीला अमर केले हे खरे. त्याच्याबरोबर कडा चढलेल्यांना पोवाड्यात जागा थोडी.

इंग्रजी अमलात ह्यात दोन वेगळ्या पद्धती आल्या. एक नावांची. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कोरेगाव भीमा येथे उभारलेल्या स्तंभावर साध्या शिपायांची नावे कोरली गेली. त्यांतील ‘नाक’ प्रत्ययाच्या महार नावांचा पुढे जो अर्थ झाला तो सर्वपरिचित आहे. दुसरी पद्धत संख्येची. पहिल्या महायुद्धानंतर अनेक गावांत फलक लावले गेले. गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके प्राणांस मुकले, एवढाच मजकूर. वीरगळात चित्र होते, नाव नव्हते. ह्या फलकात चित्रही नाही, नावही नाही. आणि पराभूत पक्षाचे काय? ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील अंबापाणी येथे भिल्लांनी ब्रिटिश फौजेशी झुंज दिली. खाज्या नाईक, भीमा नाईक ही पुढाऱ्यांची नावे इतिहासात आली. पडलेले बाकीचे शत्रूच्या अहवालातील आकडा म्हणून उरले.

दुसऱ्या महायुद्धातील नाईक यशवंत घाडगे यांचे उदाहरण ह्याच्या दुसऱ्या टोकाचे आहे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यातील माणगाव येथे त्यांचा पुतळा आहे. २०२३ साली इटलीतील मोंटोने येथे त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघडी बसविण्यात आली. नाव, चेहरा, तिथी, मानपत्र, सारे उपलब्ध आहे. पण ह्या स्मरणाचा भार शासनाने आणि पलटणीने उचललेला आहे. वीराच्या टाकाचा भार एका घराने उचललेला असतो, आणि त्याच्यामागे मानपत्र नसते.

नाव गळून पडणे ही हानी आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. विधी टिकला म्हणजे सर्व टिकले, असे मानणारी लोकसाहित्याच्या अभ्यासातील भाबडी भूमिका मला मान्य नाही. ज्या बाईने त्या पुरुषावाचून आयुष्य काढले ती ना टाकावर आहे ना धुळवडीच्या मिरवणुकीत; वीरगळाशेजारी कधी सतीशिळा उभी असते, तिच्यावर बांगड्यांसह कोपरात वळलेला हात असतो, पण तो सहगमन करणारीचा. मागे राहिलेलीसाठी शिळा नाही. तिच्यासाठी असलाच तर बखरीतील तो निम्या वेतनाचा उल्लेख.

विद्यार्थी क्षेत्रकार्यास जातात तेव्हा वीरगळाची छायाचित्रे आणतात, उंची-रुंदी मोजून आणतात. देव्हाऱ्यातील टाकाविषयीची वाक्ये मात्र क्वचितच टिपली जातात. टाक झिजल्यावर नवा कोणी घडविला, जुन्याचे काय केले, वेश कोणत्या मुलाला दिला आणि कोणाला नाकारला, तो कोणाच्या दारी थांबतो, त्या वेळी घरातील म्हाताऱ्या अहिराणीत काय पुटपुटतात, हे विचारले पाहिजे. नाव सापडलेच तर बहुधा तेथेच, एखाद्या अर्धवट वाक्यात सापडेल.