शेंदरी पेला : कुजत्या काटकीवरील तांबडें भूछत्र

भूछत्र म्हटलें म्हणजे पावसाळा व छत्रीचा आकार या दोन गोष्टी आपल्या डोळ्यांपुढें येतात. युरोपांतील रानांत आढळणारी एक लहान तांबडी जाति या दोन्ही समजुतींस अपवाद आहे. शास्त्रांत तिला सार्कोसायफा कॉक्सिनिया म्हणतात; इंग्लंडांत ती पऱ्यांचा शेंदरी पेला अशा अर्थाच्या नांवानें परिचित आहे.

स्वरूप.— हिचा आकार उथळ वाटीसारखा असून रुंदी साधारणतः २ ते ५ सेंटिमीटर असते. वाटीची आंतील बाजू गर्द तांबडी व तुळतुळीत, तर बाहेरील फिकट व बारीक लव असलेली असते. आंतल्या अस्तरांत असंख्य सूक्ष्म नळ्या असून प्रत्येकींत ८ बीजाणु असतात. वाटीस धक्का लागतांच ते एकदम धुरासारखे उडतात. कित्येकदां त्यांचा बारीक फुसकाराही ऐकूं येतो.

स्थान.— हिवाळ्यांत व वसंताच्या आरंभीं, झाडें निष्पर्ण असतां, दमट व सावलीच्या जागीं ही उगवते. ती मातींतून निघाल्यासारखी भासते. परंतु पालापाचोळा हलक्या हातानें बाजूस सारला असतां खालीं हेझल, विलो अथवा एल्म यांसारख्या झाडाची, शेवाळानें झांकलेली मेलेली फांदी सांपडते. खरें भूछत्र तें या फांदींतच असतें. त्याचे तंतु आंत पसरून लांकूड सावकाश कुजवितात; बाहेर दिसणारा पेला हें केवळ त्याचें फळ होय.

बोध.— एखादा पेला तोडल्यानें आंतील तंतु मरत नाहींत. परंतु रान स्वच्छ करण्याच्या हेतूनें सर्व काटक्या जाळल्या तर त्यांचें घरच नाहींसें होतें. याच कुळांतील कुकीना नांवाचीं पेल्यासारखीं भूछत्रें सह्याद्रीच्या दमट रानांतही पडलेल्या काटक्यांवर उगवतात. म्हणून ज्यांच्या मालकींत ओढ्याकांठची राई किंवा रानाचा तुकडा असेल त्यांनीं सरपणापुरतें लांकूड खुशाल न्यावें, पण कांहीं फांद्या सावलींत तशाच पडूं द्याव्या. त्यांतील सत्त्व भूछत्रांच्या द्वारें पुन्हा मातीस मिळतें. रोगट फळझाडांच्या छाटलेल्या फांद्यांस मात्र हा नियम लावूं नये. त्या बागेबाहेर नेऊन जाळाव्या हेंच श्रेयस्कर. तसेंच केवळ रंगावरून कोणतेंही भूछत्र खाद्य अथवा विषारी ठरवूं नये.

कुजणारी काटकी हा केर नव्हे. तें रानाचें खतघर आहे.