मॉर्फिनचा डोस वाढतो तेव्हा



शिवरे परिसरातील वाड्यांवर घरभेटीला गेले की कर्करोगाच्या रुग्णाच्या घरी एक प्रश्न ठरलेला असतो: "सिस्टर, गोळी वाढवली, आता बाबाला नशा लागली का?" या भीतीने घरचे गोळ्या दडवून ठेवतात आणि माणूस रात्रभर कण्हतो. म्हणून या अंकातला पाठ मॉर्फिनवर.

मॉर्फिन अफूपासून मिळते. मेंदू व मज्जारज्जूतील ठरावीक जागांना ते चिकटते आणि वेदनेचा निरोप मंदावतो. औषध रोज मिळू लागले की त्या जागा हळूहळू कमी दाद देतात, आणि तेवढ्याच आरामासाठी जास्त औषध लागते. हा शरीराचा सराव आहे, व्यसन नव्हे. व्यसनी माणूस नुकसान दिसत असूनही औषधामागे धावतो. आमचा रुग्ण दुखणे थांबले की झोपी जातो.

शिवाय डोस वाढतो तो दरवेळी सरावामुळे नाही. पुष्कळदा आजारच पुढे सरकलेला असतो, गाठ हाडात उतरलेली असते. डॉक्टर आधी ते पाहतात. हाडाच्या दुखण्याला किरणोपचारही देता येतात.

साधी गोळी दर 4 तासांनी, घड्याळाप्रमाणे द्यायची. कळ येण्याची वाट पाहायची नाही. मध्येच कळ आली तर दिवसाच्या एकूण डोसाचा साधारण सहावा हिस्सा जादा देतात: दिवसाला 60 मिलिग्रॅम असेल तर 10. हा आकडा डॉक्टरांनीच लिहून द्यायचा. मळमळ, गुंगी काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठतेला मात्र शरीर सरावत नाही, म्हणून पोट साफ होण्याचे औषध रोजच हवे. एका औषधाचा गुण येईनासा झाला तर डॉक्टर त्याच गटातले दुसरे देतात, पण हिशेबाने येणाऱ्या डोसापेक्षा कमी. कारण एकाचा सराव दुसऱ्याला पुरता लागू होत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. गोळ्या एकदम बंद केल्या तर घाम, जुलाब, तगमग सुरू होते. आणि काही दिवस बंद ठेवल्या तर सराव उतरतो. मग जुनाच डोस पुन्हा दिल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. गोळ्या दडवण्याचा खरा धोका हा आहे. खंड पडला तर आधी डॉक्टरांना विचारा.

1985 च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन ठेवायला रुग्णालये कचरत. 2014 च्या दुरुस्तीने परवान्यांची गुंतागुंत कमी केली. शिवऱ्याहून पुण्याकडे याच महामार्गावर वारज्याला सिप्लाचे उपशामक सेवा केंद्र आहे. 1997 पासून तेथे कर्करुग्णांची विनामूल्य सेवा होते. जाताना जुनी चिठ्ठी आणि उरलेल्या गोळ्या दोन्ही बरोबर न्याव्यात.