नाव नोंदवण्याआधी बसून हिशेब करा
(तरुण संघ व रविवार शाळेच्या वरच्या वर्गासाठी अभ्यासपाठ)

शास्त्रभाग : लूक १४:२८–३०, दानीएल १:८–१६, लूक ३:१४, लूक १०:३०–३७.



बारावीचा निकाल लागला की आमच्या घराघरांतून एकच प्रश्न निघतो : आता पुढे काय? भोपाळच्या अवधपुरीत, पिपलानी व गोविंदपुऱ्याच्या बाजूला, आमची बरीच मराठी कुटुंबे आहेत. त्यांतल्या पुष्कळांचे वडील किंवा आजोबा 'हेवी इलेक्ट्रिकल्स'च्या कारखान्यात नोकरीसाठी आले. तेव्हा एका पिढीला कारखान्याचा आधार होता. आजच्या मुलाला तसा भरवसा उरलेला नाही, म्हणून तो सैन्याकडे पाहतो. ह्यात कमीपणा काहीच नाही. परंतु ज्या मुलाला रुग्णसेवेची आवड आहे, त्याने सैन्यात वैद्यकीय काम मागायचे असेल तर ते केव्हा व कसे मागावे, हे आम्ही शिक्षकांनी त्याला सांगावयास हवे. ह्या पाठात तेवढाच विषय घेतला आहे.

१. आमची एक चूक

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रार्थनासभेतला एक तरुण घाईने भरती झाला. बारावीला त्याचा जीवशास्त्र विषय होता आणि गुणही चांगले होते. सभेत कोणी आजारी पडले की रात्री जागायला तोच पहिला उभा राही. "आधी आत तर शीर, मग मेडिकलमध्ये बदलून घेता येते," असे एका ओळखीच्या माणसाने त्याला सांगितले. अर्ज भरण्यापूर्वी तो आम्हांला विचारायला आला होता. आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना केली, पाठीवर हात ठेवला व म्हणालो, "देव मार्ग काढील." भरतीची जाहिरात मात्र आम्ही उघडूनही पाहिली नाही.

बदल मिळाला नाही. त्याने आपले काम इमानाने केले. कोणाला दोष दिला नाही. पण एकदा सुट्टीवर आला असता तो इतकेच म्हणाला, "काका, त्या दिवशी तुम्ही फॉर्म वाचला असता तर बरे झाले असते." हे शब्द आम्ही विसरलो नाही. यंदा त्याच सभेतला दुसरा मुलगा हातात तसाच अर्ज घेऊन आला. त्याची आई विधवा आहे आणि घरात कमावते दुसरे कोणी नाही. ह्या वेळी आम्ही चष्मा लावला व त्याच्याबरोबर बसून जाहिरात ओळीओळीने वाचली. मग प्रार्थना केली.

लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभूने बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचे उदाहरण दिले आहे. पाया घालण्याआधी तो बसून खर्चाचा हिशेब करतो. असा हिशेब करणे म्हणजे अविश्वास नव्हे. प्रभूने स्वतः तो शिकवला आहे.

२. दानीएलाने केव्हा ठरवले?

दानीएल व त्याचे मित्र बाबेलच्या राजवाड्यात शिकण्यासाठी नेले गेले, तेव्हा तरुणच होते. राजाचे ताट पुढे येण्यापूर्वीच दानीएलाने आपल्या मनाशी निश्चय केला होता. तो भांडला नाही. त्याने अधिकाऱ्याकडे नम्रपणे विनंती केली व दहा दिवसांची मुदत मागितली. निश्चय आधी, विनंती योग्य माणसाकडे आणि तीही योग्य वेळी, असा हा क्रम आहे. भरती होऊन गेल्यावर निश्चय करू लागलो तर हा क्रम उलटा होतो. मग विनंतीला जागा फार थोडी उरते.

३. दारे कोणती आहेत?

सैन्यात वैद्यकीय कामाची अनेक दारे आहेत. प्रत्येकाचा अर्ज, वयाची अट व परीक्षा वेगळी आहे. शिक्षकांनी मुख्य दारे तरी माहीत करून घ्यावीत.

पहिले दार : सोल्जर टेक्निकल, नर्सिंग असिस्टंट. हा जवान भूसेनेच्या आर्मी मेडिकल कोअरमध्ये जातो. ही कोअर ३ एप्रिल १९४३ रोजी तीन जुन्या वैद्यकीय सेवा एकत्र करून उभारली गेली आणि तिचे प्रशिक्षण केंद्र लखनौ येथे आहे. अलीकडच्या जाहिरातींप्रमाणे वय साडेसतरा ते तेवीस असावे लागते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय हवेत. एकूण किमान ५० टक्के व प्रत्येक विषयात किमान ४० टक्के गुण हवेत. लेखी परीक्षेत जीवशास्त्र व रसायनशास्त्राचेही प्रश्न येतात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली, तेव्हापासून सर्वसाधारण जवानाची भरती अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी होते. त्यांपैकी जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे कायम सेवेत घेण्याची तरतूद आहे. वैद्यकीय शाखेचा तांत्रिक वर्ग मात्र ह्या योजनेबाहेर ठेवला आहे व नर्सिंग असिस्टंट नियमित सेवेत घेतला जातो. म्हणजे अर्जावर कोणत्या रकान्यात खूण केली, त्यावर केवळ काम नव्हे, तर नोकरीची वर्षेही अवलंबून असतात. विधवा आईच्या घरात हा फरक लहान नाही.

दुसरे दार : सिपाही फार्मा. ज्याने बारावीनंतर फार्मसीची पदविका किंवा पदवी घेतली आहे व ज्याची फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी झाली आहे, त्याच्यासाठी हे आहे. कधी कधी दोन वर्षे थांबून पदविका घेणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

तिसरे दार : वायुसेना व नौसेना. तेथेही 'मेडिकल असिस्टंट' हे काम असते व जीवशास्त्रासह बारावी झालेल्यांसाठी वेगळ्या जाहिराती निघतात.

चौथे दार : मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस. आमच्या मुलींनी हे अवश्य पाहावे. ह्या सेवेचा उगम १८८८ साली मुंबईत उतरलेल्या दहा परिचारिकांपासून सांगतात. आज बारावीनंतर नीट परीक्षेच्या आधारे चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगसाठी निवड होते. पुण्याचे आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज व मुंबईची आय.एन.एच.एस. अश्विनी येथे हे शिक्षण मिळते. लखनौ, दिल्ली, कोलकाता व बंगळूर येथेही मिळते. शिक्षण पूर्ण झाल्यावर मुलगी अधिकारी म्हणून नेमली जाते. मिरजेला डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले. तेव्हापासून परिचर्येचे काम मराठी मंडळ्यांना परके नाही.

पाचवे दार : पुण्याच्या त्याच कॉलेजातून डॉक्टर होणे. १९४८ साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेत एम.बी.बी.एस. करणाऱ्यास सैन्यात सेवा करण्याचा करारनामा लिहून द्यावा लागतो. येथेच शिकलेल्या डॉ. माधुरी कानिटकर २०२० साली लेफ्टनंट जनरल झाल्या व पुढे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.

नियम बदलत असतात. म्हणून ह्या पाठावर विसंबून अर्ज भरू नये. त्या वर्षीची अधिकृत जाहिरात वाचावी व शंका असल्यास आपल्या भागाच्या सैन्यभरती कार्यालयात स्वतः जाऊन विचारावे. "बदलून देतो" म्हणणाऱ्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नये.

४. विवेकबुद्धीचा प्रश्न

पुष्कळांना वाटते, वैद्यकीय कामात शस्त्राचा संबंध येत नाही. हे बरोबर नाही. नर्सिंग असिस्टंट हा प्रथम सैनिक असतो. त्यालाही मूलभूत लष्करी शिक्षण व शस्त्राचा सराव असतो. त्याची नेमणूक रुग्णालयातच होईल असे नाही. आघाडीच्या पलटणीबरोबरही त्याला जावे लागते. १९४९ च्या जिनीव्हा करारानुसार वैद्यकीय सैनिकाला संरक्षण आहे. त्याच्याजवळचे शस्त्र स्वतःच्या व आपल्या रुग्णांच्या बचावापुरतेच असते आणि जखमी शत्रूचीही त्याने तशीच शुश्रूषा करायची असते. ह्या विचाराचे बीज पेरणारे हेन्री ड्युनांट हे १८५९ साली सोल्फेरिनोच्या रणभूमीवर जखमींचे हाल पाहून कळवळले होते. तरुणांच्या ख्रिस्ती संघाच्या कामातही ते आरंभापासून होते.

अमेरिकेचा डेझमंड डॉस हा सैनिक शस्त्राला हातच लावायचा नाही ह्या निश्चयाने सैन्यात गेला. आपली भूमिका त्याने आरंभीच सांगितली व त्यासाठी सोबत्यांचा छळ सोसला. मे १९४५ मध्ये ओकिनावाच्या कड्यावरून त्याने दोरीने एकेक करीत सुमारे ७५ जखमी खाली उतरवले. परंतु तेथे तेव्हा सक्तीची भरती होती व शस्त्र न घेता सेवा करण्याची कायद्यात सोय होती. आपल्या देशात सक्ती नाही. जो जातो तो आपल्या इच्छेने जातो. म्हणून ज्याची विवेकबुद्धी शस्त्रशिक्षणाला मान्यता देत नाही, त्याने अर्जापूर्वीच तसे ओळखावे व नागरी रुग्णालयातील परिचर्या, फार्मसी किंवा प्रयोगशाळेचे काम धरावे. ज्याची विवेकबुद्धी मान्यता देते, त्यालाही आपण दोष देऊ नये. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे सैनिक आले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही. जुलूम न करता वेतनात तृप्त राहायला सांगितले.

५. सेवा नेमणुकीपेक्षा मोठी आहे

१९५० साली भारताने कोरियात साठावी पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स पाठवली. लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली ह्या माणसांनी सैनिकांची व सामान्य कोरियन लोकांचीही शुश्रूषा केली. हे वैद्यकीय सैनिकच होते. पण आमच्या भोपाळची दुसरी आठवणही मुलांना सांगा. १९८४ च्या २–३ डिसेंबरच्या रात्री विषारी वायू पसरला, तेव्हा येथल्या सैनिकांनी आपल्या गाड्यांतून गुदमरलेली माणसे रुग्णालयांत पोचवली. त्यांत बैरागढच्या केंद्रातले यंत्रदुरुस्तीचे काम करणारे लोकही होते. शोमरोनी माणूस वैद्य नव्हता. तो वाटेने जाणारा प्रवासी होता. तेव्हा ज्याला मनासारखे काम मिळाले नाही त्याने निराश होऊ नये. मात्र ज्याला ते मागता येते, त्याने वेळेवर मागावे.

शिक्षकांसाठी

वर्गात एक खरी जाहिरात आणून मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावी. पुढील प्रश्नांची उत्तरे प्रत्येकाने घरी पालकांबरोबर बसून लिहावीत :

(१) मी कोणत्या कामासाठी अर्ज करीत आहे? अर्जावर तेच नाव लिहिले आहे काय?
(२) सेवा किती वर्षांची? करारनाम्यात काय लिहिले आहे?
(३) हे काम मिळाले नाही, तर दुसरे घ्यायला मी तयार आहे, की थांबून पुन्हा प्रयत्न करीन?
(४) शस्त्रशिक्षणाविषयी माझी विवेकबुद्धी काय सांगते?
(५) सैन्यातून परत आल्यावर हे शिक्षण नागरी नोंदणीला चालेल काय? हे मी कोणाला विचारले?

आमच्याकडे आलेल्या त्या मुलाने नर्सिंग असिस्टंटसाठी अर्ज केला. निवड होईल की नाही, हे लिहिताना आम्हांला ठाऊक नाही. तिसऱ्या प्रश्नाखाली त्याने लिहिले आहे, "थांबेन, फार्मसीला जाईन." त्याच्या आईने ते वाचले व खाली आपली सही केली. कागद आमच्या शास्त्राच्या पुस्तकात ठेवलेला आहे. आमच्या तरुणांस प्रभू सुज्ञता देवो, आणि आम्हां वडीलधाऱ्यांस त्यांच्याबरोबर बसून वाचण्याइतका धीर देवो.